बुखारीचे घर की उन्हाचे घर? स्पिती-लडाखमध्ये काटकसरीने हिवाळा काढू इच्छिणाऱ्यांसाठी

मनालीहून हिमाचलातल्या स्पितीत उतरणारा कुंझुम खिंडीचा रस्ता हिवाळ्याच्या तोंडाशी बर्फाने बंद होतो आणि त्यानंतर काझा, किब्बर, लांगझा या गावांना जगाशी जोडणारी एकच वाट उरते, ती किन्नौरमधून सुमदो आणि ताबोवरून येणारी. मोठा हिमवर्षाव झाला की तीही काही दिवस अडते. वीज पोहोचलेली आहे, परंतु बर्फाच्या दिवसांत तिचा भरवसा धरता येत नाही, आणि नळाचे पाणी तर गोठण्यासाठीच असते असे समजून चालावे. अशा ठिकाणी नोव्हेंबर ते मार्च राहण्याचा विचार करणारी मराठी माणसे अधूनमधून भेटतात. कोणाला हिमबिबट्या पाहायचा असतो, कोणी होमस्टे चालवायला घेतलेला असतो, कोणाला शहराबाहेर राहून काम करायचे असते. या सर्वांपुढचा पहिला प्रश्न एकच असतो: घर इंधन जाळून उबदार ठेवायचे की उन्हावर? खर्चाचे बाकीचे बहुतेक हिशेब या एका उत्तरावरून ठरतात, म्हणून येथे ही दोन घरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत.

पहिले घर म्हणजे तेथले नेहमीचे. कच्च्या विटांच्या जाड भिंती, पॉप्लरच्या तुळयांवर विलोच्या काटक्या आणि वर माती अंथरलेले सपाट छत, लहान खिडक्या आणि मधल्या खोलीत धुराड्याची पत्र्याची शेगडी. लडाखमध्ये तिला बुखारी म्हणतात, स्पितीत तंदूर. दुसऱ्या घराच्या भिंतीही मातीच्याच असतात, पण त्याची लांब बाजू दक्षिणेकडे असते आणि त्या बाजूला मोठी काच, काचेची खोली किंवा हिवाळ्यापुरता लावलेला प्लॅस्टिकचा कागद असतो. दिवसभर आत आलेले ऊन भिंती आणि जमीन साठवतात आणि रात्री परत देतात.

बुखारीचा मोठा गुण म्हणजे ती तत्काळ ऊब देते. बाहेर उणे वीस असताना अर्ध्या तासात खोलीत स्वेटर काढून बसता येते, तिच्यावरच चहा, डाळ आणि आंघोळीचे पाणी होते, आणि आकाश ढगाळ आहे की निरभ्र याच्याशी तिला देणेघेणे नसते. तिचा दोष पहाटे कळतो. पत्र्यात उष्णता साठून राहत नाही. रात्री अकराला शेवटचे लाकूड टाकले तर चारपाच वाजेपर्यंत तांब्यातल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ येतो. शिवाय लाकडातली बरीचशी उष्णता धुराड्यातूनच वर निघून जाते, हे वेगळेच.

लाकडाचा हिशेब आधी कागदावर मांडावा. कोरड्या लाकडाच्या एका किलोत साधारण चार युनिट (विजेच्या मीटरवरचेच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता असते, नीट वाळलेल्या शेणाच्या गोवरीत त्याहून थोडी कमी. एका खोलीसाठी दिवसाला १५ किलो लाकूड धरले, तरी पाच महिन्यांना सव्वादोन टन लागते. स्पितीत जंगल असे नाहीच. जळाऊ लाकूड बऱ्याच अंशी खालून ट्रकने येते, आणि स्थानिक घरे त्याला गोवऱ्यांची, मेंढ्यांच्या लेंडीची आणि काटेरी झुडपांची जोड देतात. छताच्या कडेने रचलेली सरपणाची उतरंड ही त्या घराची वर्षभराची मेहनत असते. नवख्या भाडेकरूजवळ ना याक असतो ना उन्हाळ्यात वेचलेले शेण, त्यामुळे शेजाऱ्याला जे जवळपास फुकट पडते ते त्याला रोख पैसे मोजून घ्यावे लागते. ‘तेथले लोक करतातच की’ हा युक्तिवाद नेमका येथे फसतो.

उन्हाच्या घराचे गणित वेगळे आहे आणि ते सूर्याच्या उंचीवर उभे आहे. काझा साधारण ३२ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३४ अंश वर येतो. जूनमध्ये तोच ८१ अंशांवर असतो. म्हणजे हिवाळ्यातले ऊन दक्षिणेच्या उभ्या काचेतून खोलीत खोलवर शिरते, आणि उन्हाळ्यात छज्ज्याची छोटीशी पट्टीही ते बाहेर ठेवते. निरभ्र दिवशी अशा एका चौरस मीटर काचेवर ढोबळमानाने पाच युनिट ऊन पडते आणि त्यातले चारेक आत येते. दहा चौरस मीटर काच असेल तर दिवसाला चाळीस युनिट, म्हणजे दहा किलो लाकडात असते तितकी उष्णता, तीही धुराड्याला वाटा न देता.

मात्र हे अर्धेच चित्र झाले. जी काच दिवसा ऊन आत घेते तीच रात्री ऊब बाहेर सोडते. आतबाहेर पंचवीस अंशांचा फरक असेल, तर एकेरी काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून पंधरा तासांच्या रात्रीत दोन युनिटांहून थोडी अधिक उष्णता निघून जाते, म्हणजे कमाईतला निम्मा भाग. दुहेरी काच ही गळती जवळपास निम्म्यावर आणते, आणि जाड गोधडीसारखा पडदा सूर्य मावळताच सोडला तर ती आणखी घटते. ज्याला रोज संध्याकाळी न चुकता पडदे सोडण्याची शिस्त पाळायची नाही, त्याने काचेवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. छताचेही तसेच आहे. भुसा, पेंढा किंवा वाळलेले गवत भरून छताखाली थर दिलेला नसेल, तर दक्षिणेची भिंत कितीही हुशारीने बांधली तरी उष्णता वरून निघून जाते.

ही पद्धत प्रयोगापुरती राहिलेली नाही. काचेमागे गडद रंगाची जाड भिंत उभारून तिच्यात ऊन साठवण्याची रचना फ्रान्समध्ये ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब यांनी १९६०च्या दशकात घरांना लावली, आणि पुढे लडाखमधील घरांनी, शाळांनी ती उचलली. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या सेक्मोल या शिक्षणसंस्थेचा लेहजवळच्या फे गावातला परिसर हे त्यातले सर्वांत परिचित उदाहरण होय. ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंती, दक्षिणेला हिवाळ्यापुरते लावलेले हरितगृह आणि इन्सुलेशन केलेले छत यांवर ती वसतिगृहे शेगडी न पेटवता हिवाळा काढतात. तेथे आतले तापमान पंधराच्या आसपास राहते. पुण्यातल्या माणसाला ती थंडीच वाटेल. उन्हाचे घर बुखारीसारखे पंचवीस अंशांवर कधीच जात नाही, पण पहाटे शून्यावरही येत नाही. ज्याला आत स्वेटर घालून वावरणे जमते त्याला हे घर मानवते, ज्याला जमत नाही त्याला नाही.

आणखी एक फरक खर्चात धरला जात नाही. बुखारीच्या घरात सतत कोणीतरी असावे लागते. चार दिवस किन्नौरमधल्या रेकाँग पिओला जाऊन यायचे म्हटले तर परतल्यावर हंडे फुटलेले आणि बटाटे गोठलेले सापडू शकतात. नीट बांधलेले उन्हाचे घर मात्र रिकामे असतानाही तग धरते. दुसरीकडे, बुखारीत धुराचा आणि आगीचा धोका कायम असतो. धुराडे जेथे छतातून बाहेर पडते तेथे लाकडाला लागून पत्रा असू नये, काजळी महिन्या-दोन महिन्यांनी झाडावी, आणि झोपताना हवेची फट पूर्ण बंद करू नये. धुराडे नसलेली कोळशाची अंगीठी तर खोलीत घेऊच नये. बंद खोलीत ती पेटवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येतात.

गॅसवर घर गरम करण्याचा विचार सोडून द्यावा. त्याला स्वयंपाकापुरते ठेवावे. घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेनचा वाटा मोठा असतो आणि ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली वायू होणेच थांबवतो, त्यामुळे सिलिंडर बाहेरच्या पडवीत ठेवला तर भरलेला असूनही ज्योत मरते. काझाच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून कुकर ही तेथे सोय नसून इंधनबचतीचे मुख्य साधन आहे. उघड्या पातेल्यात राजमा शिजवत बसणाऱ्याचा सिलिंडर पाहता पाहता संपतो.

पाण्याबाबत दोन्ही घरे सारखीच अडचणीत असतात, तरी फरक आहे. पुष्कळांना वाटते की बाहेर इतका बर्फ पडलेला असताना पाण्याची चिंता कशाला. ताजा भुसभुशीत हिम बादलीभर वितळवला तर बादलीच्या दहाव्या भागाएवढे, कधी त्याहूनही कमी पाणी हाती लागते, आणि तो वितळवून पिण्याजोगा कोमट करायला लागणारी उष्णता तितकेच बर्फगार पाणी उकळायला लागणाऱ्या उष्णतेएवढी असते. साध्या शेगडीवर दहा लिटर पाण्यामागे जवळजवळ एक किलो लाकूड गेले असे धरावे. म्हणून गोठत नसलेला झरा किंवा हातपंप किती चालण्यावर आहे, हे घर ठरवण्यापूर्वी विचारावे. उन्हाच्या घरात दक्षिणेच्या काचेमागे काळे रंगवलेले पिंप ठेवले तर दिवसा आणलेला बर्फ फुकट वितळतो. बुखारीच्या घरात तो लाकडाच्या किमतीने वितळतो. फ्लशचा संडास दोन्हीकडे निरुपयोगीच. माती आणि राख टाकायचा तेथला कोरडा संडासच चालतो, आणि राख लागते तेव्हा बुखारीवाल्याकडे ती भरपूर असते.

विजेचे प्रकरण छोटे आहे, कारण दोन्ही घरांत तिचे काम दिवे, फोन आणि लॅपटॉप एवढेच असते; छतावरच्या सौर पॅनेलवर खोली तापवण्याचा बेत काटकसरीत बसत नाही. दोन गोष्टी मात्र दुकानदार सहसा सांगत नाहीत. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो: २५ अंशांना प्रत्येकी ४९ व्होल्ट देणारी दोन पॅनेल मालिकेत जोडली, तर उणे २० अंशांत ती ११० व्होल्टच्या घरात जातात आणि १०० व्होल्टची मर्यादा असलेला चार्ज कंट्रोलर (पॅनेलवरून बॅटरी भरणारे उपकरण) जळतो. दुसरे, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये आणि उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी गोठून फुटते, म्हणून बॅटरी राहत्या खोलीतच हवी. जी खोली पहाटे गोठते ती या कामाला चालत नाही. पॅनेल साठ अंशांच्या आसपास उभे लावावे म्हणजे हिम घसरून पडतो.

आता निवडीकडे. जो पाच महिन्यांसाठी भाड्याने घर घेणार आहे, त्याने बुखारीचेच घर घ्यावे, पण त्यातली एकच खोली राखावी, शक्यतो दक्षिणेची आणि बुटक्या छताची. स्पितीतली कुटुंबेही हिवाळ्यात एका खोलीत एकत्र येतात आणि त्यांच्या काटकसरीचा खरा गाभा हाच आहे. घरमालक परवानगी देत असेल तर दक्षिणेच्या भिंतीला लाकडी सांगाडा ठोकून त्यावर हरितगृहाचा अतिनील किरण सोसणारा प्लॅस्टिक कागद लावावा आणि मार्चअखेर गुंडाळून ठेवावा. या एवढ्याशा खर्चात सरपण लक्षणीय वाचते, आणि दोन्ही पर्यायांतला हा मधला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दीर्घ मुदतीचा करार करून होमस्टे उभारणाऱ्याने मात्र उन्हाचे घरच बांधावे आणि ढगाळ आठवड्यांसाठी एक लहान बुखारी ठेवावी. जो हिमाचलातला शेतकरी नाही त्याला तेथे जमीन घ्यायची तर १९७२च्या कूळवहिवाट व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ नुसार राज्य सरकारची परवानगी लागते, त्यामुळे बांधकामाचा पैसा दुसऱ्याच्या जमिनीवर घालण्यापूर्वी कराराची मुदत किती वर्षांची आहे हे पाहावे. ती लहान असेल तर काचेचा खर्च भरून येण्याआधीच घर सोडावे लागेल.

गावही निवडीत महत्त्वाचे आहे. लेहच्या आसपास हिवाळ्यात बर्फ तुलनेने कमी पडतो आणि आकाश बहुतेक निरभ्र असते, म्हणून तेथे उन्हाचे घर निर्धास्तपणे चालते. द्रास किंवा लाहौलमध्ये हिम भरपूर पडतो, ढग दिवसेंदिवस हटत नाहीत, आणि तेथे उन्हावर पूर्ण विसंबणे धोक्याचे आहे. स्पिती या दोहोंच्या मध्ये येते. तिच्या आतही उंच पठारावरचे किब्बर आणि अरुंद दरीतले एखादे गाव यांत मोठा फरक असतो, कारण दक्षिणेचा डोंगर जवळ असेल तर डिसेंबरात सूर्य त्याच्यामागे दुपारीच जातो. घर बहुधा सप्टेंबरमध्ये पाहिले जाते, आणि तेव्हा ते दिवसभर उन्हात न्हालेले दिसते. म्हणून घरमालकाला नव्हे, शेजारच्या म्हातारीला विचारावे की पौषात त्या भिंतीवर ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते. उत्तर पाच तासांपेक्षा कमी आले तर काचेचा पैसा सरपणात घालावा.