पीपीएफ आणि एनपीएस : आंबा बागायतदाराचा वर्षभराचा अनुभव

पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातं जुनं आहे, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) गेल्या वर्षी उघडलं. दोन्ही मिळून एक आख्खा हंगाम काढला, म्हणून लिहितोय. या विषयावर जे वाचायला मिळतं ते पगारदारांसाठी असतं. आमच्या देवगड-रत्नागिरी पट्ट्यात महिन्याला पगार येत नाही. वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, येते, तीही फेब्रुवारी ते मे. पुढचे महिने त्याच पैशावर खत, फवारणी आणि घर.

पीपीएफमध्ये एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. गंमत अशी की आर्थिक वर्ष आपल्या हंगामाच्या बरोबर मध्ये बदलतं. लवकरचा हापूस चांगल्या भावाने गेला की मार्चअखेर हातात रक्कम असते. ३१ मार्चच्या आत दीड लाख जुन्या वर्षाचे भरायचे आणि ५ एप्रिलच्या आत दीड लाख नव्या वर्षाचे. व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, त्यामुळे पूर्ण तीन लाखांवर एप्रिलपासूनच व्याज सुरू होतं. सध्याच्या ७.१ टक्के दराने दीड लाख ६ एप्रिलला पडले तर एका महिन्याचे साधारण ८८७ रुपये जातात. चेक दिलात तर तो वटल्याची तारीख धरतात, तेव्हा ऑनलाइनच भरा.

आता माझी खरी तक्रार. दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून हलली नाही. त्या वेळची मजुरी, पेटीचा खर्च, राखणीच्या गुरख्यांचे पगार आठवून बघा! त्याहून वाईट म्हणजे न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षी मिळत नाही. हापूस एक वर्ष भरभरून धरतो, दुसऱ्या वर्षी हात आखडतो. त्यात अवकाळी पावसाने मोहोर गेला की विचारूच नका. वाईट वर्षी मी जेमतेम किमान ५०० रुपये भरून खातं चालू ठेवतो आणि चांगल्या वर्षी पैसे असून भरता येत नाहीत. मर्यादेच्या वर टाकलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणजे भरताना सवलत आम्ही घेतच नाही. मग आम्हाला तीन वर्षांची मिळून साडेचार लाख अशी मर्यादा द्यायला काय हरकत आहे? शेतकऱ्यांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी.

पत्नीच्या नावाने वेगळं खातं काढलं तर तिची मर्यादा वेगळी, तो मार्ग जरूर घ्या. अज्ञान मुलांचं मात्र तसं नाही. एका बँकेत मला ठामपणे सांगितलं की मुलीच्या खात्यात आणखी दीड लाख चालतील. नियमाप्रमाणे पालकाचं स्वतःचं आणि तो सांभाळत असलेलं अज्ञान मुलाचं खातं मिळून दीड लाखच.

एनपीएस घेतलं ते पीपीएफच्या या मर्यादेपायी. टियर १ मध्ये, म्हणजे त्यातल्या मुख्य पेन्शन खात्यात, वर्षाला किमान १,००० रुपये, वरची मर्यादा नाही. ५०,००० चा आकडा लोक मर्यादा समजतात; ती जुन्या करप्रणालीतली जादा वजावट आहे, भरण्यावरचं बंधन नव्हे. गेल्या मे महिन्यात शेवटच्या पट्ट्या आल्यावर उरलेली रक्कम मी मोबाइलवरून भरली, दोन-तीन दिवसांत युनिट जमा झाले. रक्कम बाजाराबरोबर वरखाली होते. मध्यंतरी ती भरल्यापेक्षा कमी दिसत होती, तेव्हा घरात बोलणी खाल्ली. मी शेअरचा हिस्सा कमी ठेवलाय, आणि मला तेच पटतं.

पण एनपीएसचा पैसा अडकतो. मधे काढायचा तर ठरावीक कारणांसाठी, तोही स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत. जमा रक्कम अगदी लहान नसेल तर शेवटी काही भाग पेन्शनसाठी गुंतवावाच लागतो. म्हणून आधी दोघांचं पीपीएफ भरा, पुढच्या मोहोराच्या फवारणीचे पैसे बाजूला काढा, आणि मगच उरलेले एनपीएसमध्ये टाका. कलमांवर पीककर्ज थकलेलं असेल तर या दोन्हींच्या आधी ते फेडा.