पांदण की कालव्याची पाळ?

नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक-मौदा पट्ट्यात पायी जायचं तर डांबरी रस्ता सोडून दोन पर्याय उरतात: शेतांमधली पांदण, म्हणजे बैलबंडीची कच्ची वाट, आणि पेंच कालव्याची पाळ, म्हणजे त्याच्या काठचा मातीचा बांध.

पांदण बहुधा जवळची. दोन्ही बाजूंना बाभूळ-पळस असले की सावलीही मिळते. पण खाली काळी माती. एक दमदार सर आली की चिखल तळव्याला थरावर थर चिकटतो, शंभर पावलांत जोडा किलोभर जड होतो आणि काडीनं खरवडत बसावं लागतं. पावसानंतर दोन-तीन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये. उन्हाळ्यात बैलबंडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात, घोटा मुरगळतो तो तिथंच. रबरी चप्पल तर नकोच. बाभळीचा काटा आरपार जातो. पांदण मधेच बुजली तर धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधावरून, जा, पण उजेडीच. रानडुकरांसाठी कुणी तारेत बेकायदा करंट सोडलेला असू शकतो.

पाळीवर मुरूम असेल तर चाल ताशी 5 किमी सहज पडते. पांदणीत 3 धरा. अडचण अशी, की कालवा जमिनीच्या उताराच्या कलानं वळत जातो, म्हणून अंतर वाढतं. वितरिका (लहान उपकालवा) फुटते तिथं पूल गाठायला वळसा पडतो. सावली जवळपास नाहीच, मे महिन्यात माणशी 4 लिटर पाणीही कमी पडेल. कालव्यात मात्र उतरू नका: अस्तराचा उतार शेवाळानं निसरडा असतो, वर यायला पकड मिळत नाही.

पावसाळ्यात पाळ, हिवाळ्यात पांदण. मे महिन्यात सरळ एसटी पकडा.