कुलाबा, पाषाण की बेंगळुरू: मूलभूत विज्ञानाकडे जाताना

आपल्या बेळगाव-खानापूरकडं निर्णय कसा होतो? पुण्यात काका आहे, म्हणजे पुणं. बेंगळुरूला रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, म्हणजे बेंगळुरू. मुंबईत कुलाब्याला असलेल्या टीआयएफआरचं, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचं, नावच निघत नाही. काका आणि गाडी नंतर बघू. आधी तुम्ही बारावीला आहात की बीएस्सीला, ते सांगा.

बारावीला असाल तर टीआयएफआर सोडून द्या, तिथं पदवीचे वर्ग नाहीत. उरले दोघे. पुण्यात पाषाणचं आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) २००६ चं; पाच वर्षांत बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर एकत्र. सुरुवातीला सगळी विज्ञानं शिकायची, शेवटचं वर्ष प्रकल्पाचं. बेंगळुरूची आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था) १९०९ ची, पण तिचा चार वर्षांचा पदवीक्रम २०११ चा. गणित की जीवशास्त्र हेच ठरत नसेल, तर मी आयसर म्हणेन.

बीएस्सीवाल्यांनी मात्र टीआयएफआरचा फॉर्म भरावाच. होमी भाभांनी १९४५ मध्ये ही संस्था सुरू केली ती आयआयएस्सीच्याच आवारात. त्याच वर्षी ती मुंबईला गेली. आज ती अणुऊर्जा विभागाखाली आहे. बीएस्सीवरून थेट इंटिग्रेटेड (एमएस्सी धरूनच) पीएचडी, एमएस्सीनंतर साधी पीएचडी. वर विद्यावेतन मिळतं. २०२३ पासून जेआरएफचा (ज्युनियर रिसर्च फेलोशिपचा) सरकारी दर महिन्याला ३७,००० रुपये आहे. 'अजून किती शिकणार?' म्हणणाऱ्या घरात हा आकडा आधी सांगावा.

अडचण प्रवेश परीक्षेची. गणिताच्या पेपरात 'खरं की खोटं' असतं, आणि आपली हुशार पोरं तिथंच आपटतात. समजा विचारलं: शून्य ते एक या ओपन (टोकं वगळलेल्या) इंटर्व्हलवरचं प्रत्येक कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड, म्हणजे ठरावीक मर्यादेत, असतं का? पाठ केलेलं प्रमेय आठवतं, हात 'खरं'वर जातो. प्रमेय क्लोज्ड (टोकं धरलेल्या) इंटर्व्हलचं होतं. एक भागिले एक्स घ्या, शून्याजवळ ते आभाळाला भिडतं. गाइड पाठ करून हे जमत नाही; प्रत्येक प्रमेयातली एकेक अट काढून बघायची सवय लागते. दुसऱ्या वर्षापासूनच लावा.

आणि टीआयएफआर म्हणजे फक्त कुलाबा नव्हे. तिचंच रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र एनसीआरए पुण्यात, जीवशास्त्राचं केंद्र एनसीबीएस बेंगळुरूत. काकाही सुटत नाही, चन्नम्माही. फक्त एनसीबीएसच्या मुलाखतीला जाताना रिक्षावाल्याला 'टाटा इन्स्टिट्यूट' सांगू नका. बेंगळुरूत त्याचा अर्थ आयआयएस्सी. तुम्हाला जायचंय बळ्ळारी रोडला, जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारात. कन्नड येतंय म्हणून भाड्यावरून भांडाल, पण चूक तुमचीच असेल.