डार्सीचं पत्र: १९९५ची मालिका की २००५चा सिनेमा?

जेन ऑस्टेनची कादंबरी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पडद्यावर बघायचं ठरलं की गाडी दोन नावांपाशी अडते. एक बीबीसीची १९९५ची सहा भागांची मालिका, दुसरा जो राइटचा २००५चा सिनेमा. रूपांतरं आणखीही आहेत, पण विचारणारा माणूस बहुतेक वेळा या दोघांतच घुटमळत असतो. मीही बरीच वर्षं घुटमळलो, दोन्हींवर जीव लावला आणि शेवटी एकीकडे झुकलो. का झुकलो ते सांगतो. बेनेटांच्या पाच मुली (थोरली जेन, दुसरी एलिझाबेथ म्हणजे लिझी), मुलगा नाही म्हणून नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणारं घर, वर्षाला दहा हजार पौंडांचा डार्सी, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

माझी सुरुवात सिनेमापासून झाली. हॉस्टेलवर, मित्राच्या कॉम्प्युटरवर, इअरफोनचं एकेक टोक दोघांच्या कानात. अर्धा सिनेमा मला नीट ऐकूही आला नव्हता. तरी एक जागा अशी आली की दोघंही गप्प झालो. जेनचं आजारपण आटोपून बहिणी डार्सीचा मित्र बिंगली याच्या नेदरफिल्डहून निघतात, तेव्हा डार्सी लिझीला बग्गीत चढायला हात देतो. तिच्या हातात मोजा नाही. ती दचकून त्याच्याकडे बघते, तोवर तो पाठ फिरवून चालायला लागलेला असतो. कॅमेरा मात्र त्याच्या त्या हातावर राहतो. चालता चालता पाचही बोटं ताणून उघडतात, चटका बसल्यासारखी. दोन-तीन सेकंदांचा खेळ. कोणी काही बोलत नाही आणि सगळं बोलून होतं. पुस्तकात हे नाही. पण ज्याला हे सुचलं त्याला पुस्तक आतून कळलं होतं, असं मला आजही वाटतं.

सिनेमाच्या बाजूने बोलायचं तर मी तासभर बोलेन. डारिओ मारियानेलीचं संगीत आणि ज्याँ-इव्ह तिबोदेचा पियानो एकदा कानात बसले की आठवडाभर निघत नाहीत. बेनेटांचं घर खरंखुरं नांदतं वाटतं: अंगणात कोंबड्या, वाळत घातलेले कपडे, टेबलावर पसारा, एकाच वेळी बोलणाऱ्या पाच मुली. पुस्तक छापून आलं १८१३ साली, पण त्याचा पहिला खर्डा १७९६-९७चा आहे. जो राइटने हा आधीचा काळ धरला, त्यामुळे कपडे आणि केस जरा वेगळे, जरा मोकळे दिसतात. काही वाचकांना हा मोकळेपणा खटकतो. मला नाही खटकला.

डार्सी लिझीला पहिल्यांदा लग्नाची मागणी घालतो तो प्रसंग पुस्तकात कॉलिन्सच्या घरात, चार भिंतींत घडतो. सिनेमाने तो पावसात नेला. विल्टशायरमधल्या स्टूरहेडच्या बागेत अपोलोचं देऊळ आहे, त्याच्या खांबांमध्ये दोघं ओलेचिंब उभे, तावातावाने भांडत, आणि भांडता भांडता एकमेकांच्या श्वासाइतके जवळ आलेले. हे जास्त झालं म्हणणारे आहेत. मला मॅथ्यू मॅकफॅडियनचा तो चेहरा बघितला की पावसाबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही. त्याचा डार्सी मुळात बुजरा आहे. चारचौघांत काय बोलावं ते त्याला सुचत नाही, आणि लोक त्यालाच गर्व समजतात.

आणि लिझीची मैत्रीण शार्लट. कॉलिन्सशी लग्न ठरल्याचं ती लिझीला सांगते तो प्रसंग सिनेमात मालिकेपेक्षा कितीतरी जास्त लागतो. मी सत्तावीस वर्षांची आहे, हाताशी पैसा नाही, आईवडिलांना माझं ओझं झालंय आणि मला भीती वाटते, अशा अर्थाचं ती बोलते. क्लॉडी ब्लेकली हे आवाज न चढवता म्हणते. आपल्याकडे ज्या घरांत मोठ्या मुलीचं लग्न लांबलं, त्या घरांतल्या माणसांना हे वाक्य ऐकताना उपशीर्षकं लागणार नाहीत. शिवाय डोनाल्ड सदरलँडचे मिस्टर बेनेट. शेवटी लेकीला आशीर्वाद देताना त्यांचे डोळे भरतात, हसूही येतं, आणि त्या दोन्हींच्या मधोमध ते बसलेले असतात. रोझमंड पाइकची जेनही मला मालिकेतल्या जेनपेक्षा जवळची वाटते. तिच्या शांतपणात दुखावलेपण दिसतं.

इतकं असूनही मी सिनेमाच्या बाजूने का नाही? एका पत्रामुळे.

झालं असं की, काही वर्षांनी हा सिनेमा मी आईला दाखवला. आईचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे मधेमधे थांबवून मी सांगत होतो. ती परात मांडीवर घेऊन पावट्याच्या शेंगा सोलत बघत होती. पावसातलं भांडण झालं. मग लिझी आरशासमोर उभी राहते, उजेड मावळतो, डार्सी मागून येतो, पत्र ठेवतो आणि जातो. पत्रातला मजकूर त्याच्या आवाजात ऐकू येतो, लिझीजवळ डार्सीची बदनामी करणाऱ्या विकहमची खरी हकीकत येते, त्याने पळवून न्यायचा घाट घातला होता ती डार्सीची बहीण येते, डार्सी घोड्यावरून दूर जाताना दिसतो आणि संपलं. आईच्या हातातल्या मूठभर शेंगाही सोलून झाल्या नव्हत्या. पुढे डार्सीचं घर, पेम्बर्ली आलं, पुतळ्यांचं ते सुंदर दालन आलं, लिझी डार्सीच्या पुतळ्यासमोर थबकली, आणि आईने विचारलं, “अरे, पण हिला हा आवडायला लागला कधी?”

मी म्हटलं, “पत्र वाचलं ना तिने.”

“कुठलं? मघाशी ठेवून गेला ते? एवढ्यात वाचूनही झालं?”

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तक मी वाचलेलं होतं, म्हणून सिनेमातली ती मोकळी जागा मी प्रत्येक वेळी स्वतःच्या आठवणीने भरत आलो होतो. आईकडे ती आठवण नव्हती. तिला दिसली ती एक मुलगी, जी काल एका माणसाला झिडकारते आणि पुढे त्याचं घर बघून विरघळते. लिझीवर याहून मोठा अन्याय नाही. ती घराला भुलली, हाच तर तिच्यावरचा सगळ्यात सोपा आरोप.

तेव्हापासून मला तिथे अडखळायला होतं. सिनेमा दोन तास आणि वर थोडी मिनिटं एवढ्यातच बसवायचा असतो, हे मला कळतं. काहीतरी कापावं लागणारच. पण मला विचाराल तर हे पत्र म्हणजे या गोष्टीचा कणा आहे. पुस्तकात चौतिसाव्या प्रकरणात मागणी, पस्तिसाव्यात पत्र, आणि छत्तिसावं जवळजवळ सगळं लिझीच्या पुन्हा पुन्हा वाचण्याचं. आधी ती चिडून वाचते, एक अक्षर खरं मानायचं नाही असं ठरवून. मग पत्र घडी घालून ठेवते आणि अर्ध्या मिनिटात परत उघडते. विकहम पहिल्याच भेटीत परक्या मुलीला डार्सीबद्दल इतकं कसं सांगून गेला, हे तिला तेव्हा कुठे खटकतं. प्रेम अजून लांब आहे. आधी तिला स्वतःची चूक दिसते, आणि ते बघणं तिला फार जड जातं.

मालिकेने याला वेळ दिला. तिसरा भाग मागणीच्या भांडणावर संपतो आणि चौथा तिथूनच उचलतो. डार्सी तडक मावशीच्या घरी, रोझिंग्जला परततो, कोणाशी धड बोलत नाही, खोलीत जाऊन लिहायला बसतो. मेणबत्तीच्या उजेडात रात्रभर लेखणी चालते. लिहिता लिहिता विकहमची जुनी हकीकत त्याच्या डोळ्यांसमोरून जाते आणि आपल्याही. सकाळी झाडांमधल्या वाटेवर तो ते पत्र तिच्या हातात देतो. मग वाचन लिझीचं. ती चालते, थांबते, बसते, रागावते, पुन्हा त्याच ओळीवर येते. घरच्यांच्या वागण्याबद्दल त्याने जे लिहिलंय ते तिला बोचतं, कारण ते खरं आहे आणि हे तिलाही माहीत आहे. जेनिफर ईलीच्या चेहऱ्यावर एरवी कायम एक हसू दडलेलं असतं. ते या वाचनात कुठेतरी गळून पडतं. या कामासाठी तिला बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं. माझ्या दृष्टीने ते एवढ्या एका वाचनासाठीही द्यायला हरकत नव्हती.

मालिका मी आईबरोबर रोज रात्री जेवणानंतर एक भाग अशी बघितली. पत्राच्या वेळी परात होतीच मांडीवर, पण शेंगा तशाच राहिल्या. पुढे पेम्बर्ली आल्यावर आईने काहीच विचारलं नाही.

हे पत्र पोटात गेलं की पुढचं सगळं नीट लागतं. तळ्याचा प्रसंग तुम्ही ऐकून असालच. डार्सी झालेला कॉलिन फर्थ तळ्यात उडी घेतो, ओल्या सदऱ्याने घराकडे येतो आणि समोर लिझी. तो पटकथाकार अँड्र्यू डेव्हिसने घातलेला आहे, पुस्तकात नाही. त्याचाच बोलबाला झाला. मला मात्र त्याच्या पुढचा मिनिटभर जास्त प्रिय आहे. डार्सी विचारतो, आईवडील बरे आहेत ना? ती हो म्हणते. कुठे उतरलात, कधी आलात, असं काहीबाही बोलून तो पुन्हा विचारतो, आईवडील बरे आहेत ना? दहा हजार पौंडांचा माणूस, स्वतःच्याच अंगणात उभा, आणि त्याला दुसरा प्रश्न सापडत नाही. ती त्याच्याकडे बघते ते पत्र वाचलेल्या नजरेने. म्हणून त्याचं ते अडखळणं तिच्यापर्यंत पोचतं आणि आपल्यापर्यंतही.

मग पेम्बर्लीची संध्याकाळ. बिंगलीची बहीण कॅरोलिन मुद्दाम विकहमचा विषय काढते, पियानोवर बसलेली डार्सीची बहीण जॉर्जियाना गडबडते, सूर चुकतो. लिझी लगेच उठून पानं उलटायच्या निमित्ताने तिच्याजवळ जाते. जॉर्जियाना पुन्हा वाजवू लागते. आणि पियानोच्या वरून लिझी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या डार्सीकडे बघते. तो बघतच असतो. विकहमचं नाव ऐकून ही मुलगी का गडबडली, हे बाहेरच्यांपैकी फक्त लिझीला माहीत आहे, आणि तेही त्या पत्रामुळे. त्याने घरातली सगळ्यात दुखरी गोष्ट तिच्या स्वाधीन केली होती आणि तिने ती सांभाळली. एका नजरेत एवढं सगळं मावतं. सिनेमातला हात मला अजूनही आवडतो, पण ही नजर पत्राच्या पायावर उभी आहे.

मालिकेत खोट नाही असं नाही. ॲलिसन स्टेडमनच्या मिसेस बेनेटचा आवाज पहिल्या दोन भागांत कानाला त्रास देतो. आमच्याकडे तेव्हा टीव्ही बारीक करावा लागला होता. तरी पुढे पुढे तिच्या आरडाओरड्यामागची धास्ती लक्षात येते: नवरा गेला की पाच मुलींसह रस्त्यावर. चित्र जुनं दिसतं, सिनेमाची ती सोनेरी पहाट इथे नाही. पहिला भाग सावकाश चालतो. फर्थचा डार्सी सुरुवातीला फारच खिडकीपाशी उभा असतो, एकटक बघत, आणि मॅकफॅडियनइतका लवकर मनात शिरत नाही. कॉलिन्सचं म्हणाल तर डेव्हिड बॅम्बर आणि टॉम हॉलंडर दोघंही उत्तम, तिथे निवड करायला लावू नका. आणि सगळी मिळून साडेपाच तासांच्या आसपासची ही बैठक आहे. नोकरी, घर, मुलं सांभाळून एवढा वेळ काढणं सोपं नाही, हे मान्य.

तेव्हा तुमच्याकडे एकच संध्याकाळ असेल, सोबत कोणीतरी जवळचं असेल आणि डोळे-कान तृप्त व्हावेत एवढी इच्छा असेल, तर सिनेमा लावा. वाईट वाटणार नाही. फक्त जमलं तर त्याआधी पुस्तकातलं पस्तिसावं प्रकरण वाचून घ्या, मी इतकी वर्षं नकळत भरत होतो ती जागा तुम्हालाही भरता येईल. पण आठवडाभर रोजचा तासभर निघत असेल, आणि विशेषतः घरातल्या कोणाला ही गोष्ट पहिल्यांदा दाखवणार असाल, तर माझ्या मते मालिकाच. रोज एक भाग पुरे. अपवाद फक्त तिसऱ्याचा. तो संपल्यावर टीव्ही बंद करू नका, कितीही उशीर झालेला असो. चौथा लगेच सुरू करा आणि लिझीचं पत्र वाचून होईपर्यंत बसून राहा. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी बघितला तरी चालेल.