अंकी ॲप: मिरज-सांगलीत इंटर्नशिप करता करता नीट पीजीची तयारी करणाऱ्यांसाठी

अंकी म्हणजे प्रश्न-उत्तराची कार्डं विसरायच्या बेताला पुन्हा समोर आणणारं उजळणीचं ॲप. अँड्रॉइड आणि कॉम्प्युटरवर फुकट, आयफोनवर एकदाच पैसे मोजायचे. नेटशिवाय चालतं, त्यामुळे वॉर्डात रेंज गेली तरी अडत नाही.

अंकीत खरी मेख कार्ड लिहिण्यात आहे. ‘ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा: लक्षणं, तपासण्या, उपचार’ असं अख्खं प्रकरण एका कार्डावर कोंबलं की ते वाचलं जातं, आठवलं जात नाही. तासगावकडच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीची अशी औषधं घरोघरी, म्हणजे हा विषय नुसता परीक्षेपुरता नाही. प्रश्न एकच ठेवा: ‘ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) कुठवर द्यायचं?’ उत्तर: श्वासनलिकेतला स्राव सुकून छाती मोकळी होईपर्यंत, डोळ्यांच्या बाहुल्यांच्या आकारावर जायचं नाही. ॲनाटॉमीसाठी आकृतीवरची नावं झाकायची सोय ॲपमध्येच आहे, ब्रेकियल प्लेक्ससला (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) ती झकास.

सेटिंगमध्ये एफएसआरएस (उजळणीच्या तारखा ठरवणारी पद्धत) चालू करा, रिटेन्शन, म्हणजे उजळणीच्या वेळी किती आठवायला हवं ते प्रमाण, ०.९० वरच राहू द्या. हावरेपणानं ०.९७ केलंत तर रोजच्या उजळणीचा ढीग उपसवत नाही. उत्तर विसरलात तर ‘अगेन’च दाबा. बरेच जण लाजून ‘हार्ड’ दाबतात, आणि ॲप ते आठवलं असंच धरून पुढची तारीख लांबवतं.

नाइट ड्युटीच्या आठवड्यात नवी कार्डं शून्य करा, उजळणी मात्र चुकवू नका. फोन आणि कॉम्प्युटरवरची कार्डं सिंक (एकसारखी) करताना ‘अपलोड की डाउनलोड’ विचारलं तर घाई नको. चुकीचं बटण दाबलं की नवं काम पुसलं जातं.

२०० प्रश्नांच्या पेपरचा वेग यातून येत नाही, त्याला प्रश्नपेढी वेगळीच लागते. दुसऱ्यांनी केलेले तयार डेक (कार्डांचे गठ्ठे) मात्र आंधळेपणानं उचलू नका.