मुलाखतीचा कोड चालवला आणि मालकाच्या चाव्या गेल्या

सांगलीत एका हळद व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिता लिहिता मी नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) स्वतःच शिकलो, आणि त्याच पेढीची साठा-नोंदीची बॅकएंड, म्हणजे पडद्यामागे सर्व्हरवर चालणारी, प्रणाली हे माझे पैसे मिळवून देणारे पहिले काम ठरले. त्यामुळे लिंक्डइनवर परदेशी कंपनीचा भरती अधिकारी म्हणवणाऱ्या एकाने ‘आम्ही पदवी नव्हे, काम पाहतो’ असे लिहिले, तेव्हा मी पुरता विरघळलो.

मुलाखतीची चाचणी म्हणून त्याने गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचा एक प्रकल्प पाठवला आणि पेमेंटच्या एपीआयमधील (दोन प्रणालींना जोडणाऱ्या दुव्यातील) चूक दोन तासांत दुरुस्त करायला सांगितले. एनपीएम या साधनाने प्रकल्पाची पॅकेजेस इन्स्टॉल करताना पोस्टइन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट आपोआप चालते, एवढे मला ठाऊक होते; म्हणून अशा स्क्रिप्ट जिथे लिहिलेल्या असतात ती पॅकेजची जेसन फाइल मी आधी तपासली, तिच्यात वावगे काही दिसले नाही आणि मी निर्धास्तपणे सर्व्हर सुरू केला. घात दुसरीकडे होता. कॉन्फिगच्या, म्हणजे मांडणीच्या, फाइलीत एका साध्या ओळीपुढे शेकडो मोकळ्या जागा सोडून, पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे, मुद्दाम दुर्बोध केलेला कोड दडवला होता; सर्व्हर सुरू होताच तोही चालला. एडिटरच्या तळाची आडवी सरकपट्टी नखाएवढी झाली होती, पण तिच्याकडे लक्ष कोणाचे जाते?

दुरुस्ती पाठवली, उत्तर आले नाही, आणि दोन दिवसांत समोरचे खातेच नाहीसे झाले. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला : “क्लाउडचं बिल एक लाख चाळीस हजार कसं काय झालं रे?” त्यांच्या क्लाउड खात्याच्या चाव्या, म्हणजे प्रवेशाचे गुप्त संकेत, माझ्या लॅपटॉपवरच्या एन्व्ह फाइलीत (गुप्त माहितीच्या साध्या मजकूर-फाइलीत) उघड्या पडल्या होत्या आणि त्या चाव्यांच्या आधारे कोणीतरी रातोरात मोठमोठे सर्व्हर चालवले होते. हीच पद्धत पालो आल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०२३ मध्येच ‘कन्टेजियस इंटरव्ह्यू’ या नावाने मांडली होती आणि तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता. मी मात्र एपीआय शिकण्यात गर्क होतो.

१९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सगळ्या चाव्या रद्द केल्या, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले आणि लॅपटॉप पुसून नव्याने उभा केला. अनोळखी कोड आता मी वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवरच (संगणकातल्या अलग, आभासी संगणकावर) चालवतो, जिथे कोणाचीही चावी नसते; समोरच्याला घाई असेल, तर काम सोडून देतो.

बिलाची निम्मी रक्कम मी हप्त्यांनी फेडत आहे. मालकांनी काम काढून घेतले नाही. क्लाउडच्या चाव्या मात्र आता त्यांच्या मुलाकडे असतात, आणि प्रणालीतला बदल सर्व्हरवर चढवायचा झाला की मला त्याला फोन करावा लागतो.