एलिट प्रॉस्पेक्ट्स: फँटसी हॉकीचा संघ नव्याने बांधताना किती कामाचं?

फँटसी हॉकी म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधून त्यांच्या खऱ्या आकड्यांवर खेळायचा खेळ. त्यातल्या कीपर किंवा डायनेस्टी लीगमध्ये, म्हणजे खेळाडू वर्षानुवर्षं राखता येतात तिथे, संघ मोडून पुन्हा उभा करायचा ठरला, की तिशी ओलांडलेले स्टार विकायचे आणि त्यांच्या बदल्यात तरुण पोरं नि ड्राफ्टचे पिक (नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) गोळा करायचे, हे ओघाने आलंच. अडतं ते पुढे. समोरचा मॅनेजर ज्या पोराला ‘पुढचा स्टार’ म्हणून गळ्यात मारतोय तो खरंच तसा आहे का, हे तपासायला बहुतेक जण आधी एलिट प्रॉस्पेक्ट्स उघडतात. स्वीडनमध्ये सुरू झालेला हा डेटाबेस एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या अव्वल आइस हॉकी लीगपासून युरोपातल्या ज्युनियर लीगपर्यंतच्या खेळाडूंची हंगामवार नोंद ठेवतो. नोंदवही म्हणून त्याला तोड नाही आणि त्याचा मोफत भाग संघबांधणीला पुरतो. पण ही वही उलटीकडून वाचली, म्हणजे थेट गुणांच्या (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलाआधीचे पास) रकान्यावर बोट ठेवलं, तर हमखास चुकीचा सौदा होतो.

खेळाडूच्या पानावर सगळ्यात वर जन्मतारीख असते. वाचन तिथूनच सुरू करावं. एनएचएल ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे एकाच ड्राफ्टमधल्या दोन पोरांत जवळजवळ वर्षभराचं अंतर असू शकतं. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा; दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला आणि २०१६ मध्ये तो पहिला निवडला गेला. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये कॉनर बेडार्ड जुलै २००५ चा, तर अ‍ॅडम फँटिली ऑक्टोबर २००४ चा आणि लिओ कार्लसन डिसेंबर २००४ चा. सतराव्या-अठराव्या वर्षी सात-नऊ महिने म्हणजे अंगात भरणारं बळ आणि एक जादा उन्हाळ्याचा सराव. बेडार्डने डब्ल्यूएचएलमध्ये (कॅनडाच्या मेजर ज्युनियर, म्हणजे साधारण विशीपर्यंतच्या पोरांच्या लीगपैकी एक) ५७ सामन्यांत १४३ गुण केले, ते या तिघांतला सर्वांत लहान असताना.

जन्मतारखेनंतर लीग. एलिट प्रॉस्पेक्ट्सच्या तक्त्यात सगळ्या लीगचे आकडे एकाखाली एक, एकाच अक्षरात छापलेले असतात, आणि नवखा तिथेच फसतो. २०२२-२३ च्या ओळी पाहा. फँटिली, मिशिगन विद्यापीठ, एनसीएए (अमेरिकेतली विद्यापीठांची स्पर्धा): ३६ सामने, ६५ गुण. कार्लसन, अरेब्रू, एसएचएल (स्वीडनची अव्वल लीग): ४४ सामने, २५ गुण. सरासरी काढली तर १.८१ विरुद्ध ०.५७, म्हणजे तिपटीहून जास्त फरक. वय जवळपास सारखंच. एनएचएलमधल्या पहिल्या हंगामात मात्र फँटिलीचे ४९ सामन्यांत २७ गुण, कार्लसनचे ५५ सामन्यांत २९. दोघंही सामन्यामागे अर्ध्या गुणाच्या किंचित वर. अंतर कुठे गेलं? एक जण विद्यार्थ्यांविरुद्ध खेळत होता, दुसरा बाप्यांविरुद्ध.

हे अंतर भरून काढायला एनएचएलई नावाचा, इतर लीगमधले गुण एनएचएलच्या मापात आणणारा हिशेब वापरतात. सामन्यामागचे गुण, गुणिले त्या लीगचा गुणक, गुणिले ८२ (एनएचएलचा ८२ सामन्यांचा हंगाम धरून). रशियातल्या केएचएलचा गुणक युरोपात सर्वांत वर, त्याखाली एसएचएल. एनसीएए आणि कॅनडाच्या ज्युनियर लीग बऱ्याच खाली. गुणक कोणाचा वापरता यावर उत्तर बदलतं, म्हणून एकाच हंगामातली सगळी पोरं एकाच तक्त्याने मोजावीत आणि आलेला आकडा भाकीत समजू नये. तो फक्त यादीचा क्रम लावायला. शिवाय गुणक जुन्या हंगामांवरून निघतात आणि लीग बदलत राहतात. २०२५-२६ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियरमधल्या खेळाडूंना एनसीएएची दारं उघडली. डब्ल्यूएचएलमधल्या मेडिसिन हॅटसाठी २०२४-२५ मध्ये ५६ सामन्यांत १२९ गुण करणारा गॅव्हिन मॅकेना पेन स्टेट विद्यापीठाला गेला, आणि त्याच्यासारखे अनेक. त्यामुळे आजची एनसीएए आधीपेक्षा कठीण आहे आणि मेजर ज्युनियरमधून वरचा थर निघून गेला आहे. या दोन्हींना जुने गुणक लावणं म्हणजे जुन्या मापाने नवं कापड कापणं.

तक्त्याचा सर्वांत मोठा उपयोग एका हंगामापेक्षा दोन ओळींच्या तुलनेत आहे. ड्राफ्टच्या वर्षाची ओळ आणि त्याच्या पुढच्या वर्षाची ओळ. पोरगा त्याच लीगमध्ये परतला असेल तर सामन्यामागची सरासरी किमान पाव पटीने वाढायला हवी. जागच्या जागी राहिली तर तो सौद्यात मागू नये, आपल्याकडे असला तर नाव मोठं आहे तोवर विकावा. लेन हटसन २०२२ मध्ये ६२ वा निवडला गेला, कारण अंगाने लहान. पुढच्याच हंगामात बॉस्टन विद्यापीठासाठी या डिफेन्समनने ३९ सामन्यांत ४८ गुण केले. हा आकडा सगळ्यांसमोर होता, फुकट होता. २०२४-२५ मध्ये मॉन्ट्रियलसाठी ८२ सामन्यांत ६६ गुण आणि काल्डर ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान). डिफेन्समनच्या बाबतीत ड्राफ्टनंतरचं वर्ष ड्राफ्टच्या क्रमांकापेक्षा जास्त बोलतं.

ड्राफ्टनंतरचं दुसरं वर्ष मात्र जपून वाचावं. वर्षानुवर्षं नियम असा होता की मेजर ज्युनियरमधून ड्राफ्ट झालेला २० वर्षांखालचा खेळाडू एनएचएलमध्ये टिकला नाही तर ज्युनियरलाच परततो, एएचएल या एनएचएलखालच्या लीगमध्ये ठेवता येत नाही. एकोणिसाव्या वर्षी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांविरुद्ध पाडलेला गुणांचा पाऊस फारसं काही सिद्ध करत नाही.

आता उणिवा. मुख्य तक्त्यात रकाने सहाच: सामने, गोल, असिस्ट, गुण, पेनल्टीची मिनिटं, प्लस-मायनस (तो बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक). गुण पॉवरप्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेवर असताना) किती आले, बर्फावर किती मिनिटं मिळाली, असिस्ट पहिला की दुसरा, यातलं काही त्यात दिसत नाही. तुमच्या लीगमध्ये हिट्स (धडका) आणि ब्लॉक्स (अडवलेले शॉट्स) मोजत असतील तर हा तक्ता अर्धाच उपयोगी. पेनल्टीच्या मिनिटांवरून अंगावर जाणारा खेळाडू ओळखता येईल असं वाटतं, पण आळशी हुकिंगची (काठीने अडकवण्याची) मिनिटंही त्यातच असतात. पॉवरप्लेची फोड त्या त्या लीगच्या अधिकृत साइटवर शोधावी. अर्ध्याहून जास्त गुण पॉवरप्लेवरचे असतील तर एक प्रश्न विचारायचा: ज्या एनएचएल संघाने त्याला निवडलं, तिथे पहिल्या पॉवरप्लेत जागा कधी रिकामी होणार? एनएचएलमध्ये पोहोचलेल्यांसाठी नॅचरल स्टॅट ट्रिक मोफत आहे. तिथे मिनिटं, शॉट्स आणि अपेक्षित गोल (शॉट्सच्या दर्जावरून काढलेला आकडा) मिळतात.

एक उणीव मात्र संघाच्या पानावरून स्वतःच भरता येते. समजा एका संघाने ६८ सामन्यांत २२० गोल केले आणि आपल्या पोराने ६० सामन्यांत ६६ गुण. त्या ६० सामन्यांत संघाचे साधारण १९४ गोल धरा. म्हणजे ३४ टक्के गोलांत त्याचा हात. दुसऱ्याचे ६० सामन्यांत ८२ गुण, पण संघाने केले ६८ सामन्यांत ३१० गोल, म्हणजे ६० सामन्यांत साधारण २७४. वाटा ३० टक्के. यादीत ८२ वाला वर दिसेल, पण मागायचा ६६ वाला. पाच मिनिटांचं गणित आहे आणि लीगमधले बाकीचे मॅनेजर ते करत नाहीत.

एनएचएल संघांच्या पानावरची ‘इन द सिस्टम’ यादीही फार कामाची. संघाच्या मालकीची सगळी तरुण पोरं एका जागी दिसतात, म्हणजे आपल्या पोरापुढे रांगेत कोण कोण आहे ते कळतं. कराराची नोंद मात्र ब्रह्मवाक्य मानू नये. मॅटव्हे मिचकोव्हचा केएचएलमधल्या एसकेए या संघाशी करार २०२६ पर्यंतचा होता. त्या धास्तीने २०२३ मध्ये तो सातव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि अनेक फँटसी ड्राफ्टमध्येही मागे पडला. करार लवकर सुटला, २०२४ मध्ये तो फिलाडेल्फियात आला आणि ८० सामन्यांत ६३ गुण करून गेला. त्याच्या २०२२-२३ मध्ये एकाच हंगामाच्या तीन ओळी आहेत: एसकेएकडून तीन सामने, शून्य गुण, दुय्यम लीगची एक, आणि सोचीकडून २७ सामन्यांत २० गुण. अशा वेळी ओळींची बेरीज करू नये. ज्या ओळीत त्याला नियमित खेळवलं तीच वाचावी.

पैसे देऊन मिळणाऱ्या भागात स्काउटचे सामनानिहाय अहवाल आणि ड्राफ्ट गाइड असतं. गुण ‘किती’ हे तक्ता सांगतो, ‘कसे’ हे अहवाल सांगतात: कडेकडेने फिरून मिळवलेले की गोलसमोर घुसून. वर्षभर ते लागत नाही. लीगचा प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडूंचा) ड्राफ्ट ज्या महिन्यात असेल तेवढ्यापुरतं घ्यावं, आणि तेही पहिल्या फेरीत एकाहून जास्त पिक हातात असतील तरच. एकच अहवाल वाचून मत बनवू नये. निदान तीन, वेगवेगळ्या महिन्यांतले.

वहीतून न शिकता येणारी गोष्ट धीर. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात खरे, पण एनएचएलमध्ये चालायला लागेपर्यंत बराच वेळ जातो. २०१९ चा पहिला पिक जॅक ह्यूज पहिल्या हंगामात ६१ सामन्यांत २१ गुणांवर थांबला. पी हळद अन् हो गोरी या थाटात अनेकांनी तेव्हाच तो विकला. २०२२-२३ मध्ये त्याचे ७८ सामन्यांत ९९ गुण होते. संघ नव्याने बांधणाऱ्याने अशाच पोरांकडे डोळे लावून बसावं: वरच्या पाचांत निवडलेला, २० वर्षांखालचा, पहिल्या हंगामात गुण कमी पण मिनिटं आणि शॉट्स भरपूर. त्याचा मालक जानेवारीत कंटाळलेला असतो.

गोलरक्षकांसाठी हा डेटाबेस जवळजवळ निरुपयोगी. सेव्ह टक्केवारी लीगगणिक आणि पुढच्या बचावफळीगणिक बदलते, तिला गुणक लावता येत नाही. इगोर शेस्टर्किन २०१४ मध्ये ११८ वा निवडला गेला आणि एनएचएलमध्ये उतरला जानेवारी २०२० मध्ये. साडेपाच वर्षं मायनर्सची (फँटसी संघातली, तरुणांसाठी राखीव) एक जागा अडवून ठेवणं छोट्या लीगमध्ये परवडत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत गोलरक्षक घेऊ नये; तेविशी ओलांडलेला, एएचएल किंवा केएचएलमध्ये पहिल्या पसंतीचा आणि ज्याच्या वरच्या संघातल्या वयस्कर गोलरक्षकाचा करार संपत आलाय, असा मिळाला तर सौद्यात जोडून मागावा.